शेक्सपीअरचे वडील

शेक्सपीअरचीं नाटकें वर्गांत शिकवितांना माझें मन पुष्कळदां त्याच्या वडिलांकडे वळतें. जॉन शेक्सपीअर हे इंग्लंडांतील स्ट्रॅटफर्ड गांवीं हातमोजे करून विकीत व लोंकरीचा व्यापार करीत. १५५६ सालीं पाव व दारू तपासण्याच्या कामगिरीपासून चढत चढत १५६८ सालीं ते नगराध्यक्ष झाले. पुढें धंद्यास उतरती कळा लागली. १५७६ नंतर ते सभेस बहुधा येईनासे झाले. मुलगा तेव्हां अवघा बारा वर्षांचा होता. तथापि सहकाऱ्यांनीं गैरहजेरीचा दंड माफ करून १५८६ पर्यंत त्यांचें नांव पटावर राखिलें. त्यांच्या वैभवापेक्षां शेजाऱ्यांची ही माया मला अधिक मोलाची वाटते. विद्यार्थ्यांनो, उद्यां तुम्हीही गांवचे कारभारी व्हाल. तेव्हां पडत्या काळांत सांपडलेल्या माणसाची जागा अशीच राखा.