वजनदार इंग्रजी

वाराणसी छावणीत बदली झाल्यापासून रविवारी पहाटे शिंदे घाटावर जाऊन बसायची सवय लागली आहे. हा घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधला. दगडी काम इतकं जड झालं की घाट स्वतःच्याच वजनाने खचला, असं सांगतात. पुढे तो पुन्हा बांधावा लागला.

गेल्या रविवारी माझ्या खिशात एका तरुण कॅप्टनने लिहिलेला मसुदा होता. गाडीच्या अपघातात गेलेल्या जवानाच्या वडिलांना पाठवायचं इंग्रजी पत्र. 'हायेस्ट ट्रॅडिशन्स', 'सुप्रीम सॅक्रिफाइस', 'इरेपरेबल लॉस'. वाचताना कान गरम झाले. हेच शब्द कधीकाळी मीही लिहिले होते.

तेव्हा मीही कॅप्टन होतो. चौकीवर हिमकडा कोसळून आमचा एक जवान गेला. सातारकडचा पोरगा. जुन्या फाइलमधला नमुना समोर ठेवून मी झोकदार इंग्रजीत पत्र लिहिलं आणि सीओंची शाबासकीही मिळवली. पुढे सुट्टीत त्याच्या घरी गेलो. वडिलांनी ट्रंकेतून पत्र काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं.

"साहेब, मास्तरांनी दोनदा वाचून अर्थ सांगितला," ते म्हणाले. "पण पोरगं गेलं कसं, ते काय कळंना."

मास्तरांचं इंग्रजी कच्चं नव्हतं. पत्रात ते लिहिलेलंच नव्हतं. मग मी सांगितलं: पहाटे चारची वेळ, ड्युटी त्याची, तीन तास आम्ही बर्फ उपसत होतो, सापडला तेव्हा श्वास नव्हता. ते ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "हे लिवलं असतं तर बरं झालं असतं."

अकादमीत सर्व्हिस रायटिंगच्या तासाला आम्हाला तीन गोष्टी घोकायला लावायच्या: अचूक, थोडक्यात, स्पष्ट. आम्ही त्या परीक्षेपुरत्या पाठ केल्या. पण आपल्या पेशात संदिग्ध शब्दाची किंमत माणसं मोजतात. बायजाबाईंचे पती दौलतराव शिंदे यांच्या फौजेशी इंग्रजांची २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला लढाई झाली. वेलस्लीच्या उजव्या बगलेवरच्या अधिकाऱ्याला आदेश नीट उमगला नाही. तो गावातल्या तोफांवरच चालून गेला आणि त्याच्या मागची ७४वी पलटण कापली गेली. इंग्रज लढाई जिंकले, पण त्या माणसांना त्याचा काय उपयोग?

सोमवारी मी कॅप्टनला बोलावून कागद उलटा ठेवला. "काय झालं, मला सांग." त्याने चार वाक्यांत सांगितलं. गाडी कुठे घसरली, मुलगा कुठे बसला होता, शेजारी कोण होतं, दवाखान्यात नेताना तो शुद्धीवर होता का.

"आता हेच लिही. इंग्रजीतच, पण असंच."

"सर, फारच साधं वाटेल."

"त्याचा हिंदी तर्जुमा होऊन पत्र घरी जाणार आहे. साधं असेल तेवढंच पलीकडे पोचेल."

संध्याकाळी त्याने नवा मसुदा आणला. अर्ध्या पानाचा. मी एकच शब्द बदलला. 'डिमाइज' खोडून 'डेथ' केला.

जय हिंद.