आधी कान, मग पडदा

सटाण्याच्या परिसरात पहिलीच्या वर्गात येणारी बरीच मुले घरून अहिराणी घेऊन येतात. त्यांची शाळा ‘शाया’ असते, डोळा ‘डोया’ असतो आणि ‘आहे’च्या जागी ‘शे’ येते. साल्हेर-मुल्हेरच्या बाजूला गेले की घराघरांत कोकणा आणि भिलांच्या बोली ऐकू येतात. पुस्तक मात्र सर्वांना एकच, बालभारतीचे, प्रमाण मराठीतले. २०११ च्या जनगणनेत अहिराणीसह खानदेशी ही मातृभाषा म्हणून नोंदवणारे अठरा लाखांहून अधिक होते. वर्गात संगणक कशासाठी आणायचा, हे मी शिक्षकांशी बोलताना इथूनच सुरू करतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा लोकवर्गणीतून ‘डिजिटल’ झाल्या. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेने वाट दाखवली. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. २०१७ पासून ‘दीक्षा’ हे सरकारी शैक्षणिक व्यासपीठही आहे. सोय मोठी झाली, पण मी पाहतो त्या अनेक वर्गांत पडद्यावर कविता वाजते, मुले ठेका धरतात आणि तास संपतो. भाषा बोलल्याशिवाय येत नाही. तीस मुलांच्या वर्गात चाळीस मिनिटांच्या तासाला एकेकाच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर बोलणे येते. यंत्राची गरज आहे ती इथे.

त्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटतो तो साध्या फोनमधला रेकॉर्डर. चार-चार मुलांचे गट करायचे. एकाने घरच्या बोलीत गोष्ट सांगायची, सगळ्यांनी ती ऐकायची, मग तीच मराठीत सांगून पुन्हा रेकॉर्ड करायची. ‘मी शायामा जास’ आणि ‘मी शाळेत जातो’ ही वाक्ये लागोपाठ ऐकली की ‘-मा’ आणि ‘-त’ यांचे काम मुले आपणहून ओळखतात. ज्या बोलीला कालपर्यंत ‘अशुद्ध’ म्हणून लाल रेघ मिळत होती, तीच व्याकरणाचा धडा होते. बुजरे मूलही आपला आवाज ऐकून दुसऱ्यांदा जरा मोकळे बोलते.

वाचून घेणारी अ‍ॅपेही आली आहेत. गूगलचे ‘रीड अलाँग’ २०२० मध्ये मराठीसह आले. मूल मोठ्याने वाचते, अ‍ॅप ऐकते आणि अडलेला शब्द उच्चारून दाखवते. सरावाला हे उत्तम. पण असे यंत्र ज्या आवाजांवर शिकलेले असते, त्यांच्याच मापाने ऐकते. ‘फळा’ वाचताना मूल ‘फया’ म्हणाले, तर त्याला अक्षर कळले नाही की अक्षर कळूनही उच्चार घरचा आला, हे शिक्षकालाच ठरवावे लागते. तो निवाडा अ‍ॅपवर सोडू नये.

लिहिण्याच्या बाबतीत कळफलकाकडे आपण फारच दुर्लक्ष केले. १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलेल्या इन्स्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला असतात. ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबला की ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. ‘पुस्तक’मधला ‘स्त’ लिहायला स, हलन्त आणि त अशा तीन कळा लागतात. वहीत ‘कि’ काढताना पुष्कळदा वेलांटी आधी येते. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमानेच. जोडाक्षरांना अडखळणाऱ्या मुलांना अक्षराची घडण इथे बोटांनी समजते.

म्हणून शाळांना माझे सांगणे एवढेच, की पुढचा मोठा पडदा घेण्याआधी प्रत्येक गटाला एक रेकॉर्डर आणि एक कळफलक मिळेल असे पाहा. शिक्षकांनी तर निधीची वाटही पाहायला नको. या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना एकच गृहपाठ द्या: आजीची एक गोष्ट, तिच्याच बोलीत, घरच्यांना विचारून फोनवर रेकॉर्ड करून आणा. दुसऱ्या सत्रातला मराठीचा पहिला तास त्या गोष्टींनी सुरू करा.