तीन ओळींचे पत्र

2019 च्या श्रावणात मला अर्धांगवायूचा झटका आला. प्राण वाचले, परंतु ज्या उजव्या हाताने मी चौतीस वर्षे फळ्यावर लिहिले, त्या हाताने पाण्याचा पेलाही उचलवेना.

रुग्णालयात रोज सकाळी माझ्याकडून व्यायाम करवून घेत. एका फळीच्या भोकांतून लाकडी खुंट्या काढायच्या व दुसऱ्या फळीत बसवायच्या. मी त्या कशाबशा बसवी. पण मन त्यात नसे. हे कशासाठी, ते मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

एके दिवशी व्यवसायोपचार करणाऱ्या एक तरुण बाई खाटेशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "सर, घरी गेल्यावर या हाताने तुम्हांला काय करायचे आहे?"

मी गोंधळलो. मुलांनो, खरे सांगतो, मुख्याध्यापक म्हणून मी शेकडो विद्यार्थ्यांची ध्येये ठरवून दिली. असा प्रश्न मात्र त्यांतल्या फारच थोड्यांना विचारला असेल. बऱ्याच वेळाने मी म्हणालो, "दर दिवाळीला थोरल्या बहिणीला मी स्वहस्ते पत्र लिहितो. तेवढे लिहिता यावे. दहा ओळी तरी."

"आधी पाच ठरवू या का?" त्यांनी विचारले. मी होकार दिला, तेव्हा खाटेला अडकवलेल्या कागदावर त्यांनी ते लिहिले. कापड गुंडाळून लेखणी जाड केली. खुंट्या त्याच राहिल्या. पण आता प्रत्येक खुंटी मला त्या पत्रातले एकेक अक्षर वाटू लागली.

शेजारच्या खाटेवर एक भातशेतकरी होते. अपघातात त्यांचा एक पाय गुडघ्याखाली गेला होता. बुटासह वापरायचा कृत्रिम पाय दाखवताच ते म्हणाले, "बूट घालून चिखलात लावणी कशी करू? अन् पंगतीत मांडी कशी घालू?" मग त्यांच्यासाठी 'जयपूर फूट' आणवला. जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1960 नंतरच्या दशकात हे रबरी पाऊल घडवले, ते अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या माणसांची हीच अडचण जाणून.

माझी प्रगती मात्र मंद होती. आश्विनात बाईंनी विचारले, "सर, तीन ओळी ठरवायच्या का?" मी दोन दिवस अबोला धरला, मग मान्य केले.

दिवाळीत तीन ओळींचे पत्र गेले. बहिणीचे उत्तर आले, "अक्षर पहिलीतल्या पाटीवरचे आहे. पुढल्या दिवाळीला दहा ओळी हव्यात."

हे ध्येय मात्र तिने मला न विचारताच ठरवले होते.