मायक्रोवेव्हची दुसरी कळ

आमच्या घरीं मायक्रोवेव्ह येऊन ६ वर्षें झालीं; परंतु तेवढ्या अवधींत आम्ही त्याची एकच कळ दाबीत होतों, ती अर्ध्या मिनिटाची. आमच्या मातोश्रींचा या यंत्रावर पहिल्यापासूनच रोष. "कडेचा भात चामट, मधला थंडगार!" असें म्हणून कीर्तनाहून उशिरां परतल्यावर त्या भात थंडच खात. आमच्या मनाला तें फार लागे.

परवां माहितीपुस्तिका चाळतां 'पॉवर' ही कळ आढळली. ५० टक्के शक्ति म्हणजे लहरींचा जोर निम्मा होतो असें नव्हे. बहुतेक यंत्रांत लहरी उत्पन्न करणारा मॅग्नेट्रॉन कांहीं सेकंद चालतो, कांहीं सेकंद थांबतो. त्या विसाव्यांत कडेची ऊब आंत मुरते. (आमच्या आजीची मंद निखाऱ्यांची युक्ति याहून निराळी ती काय होती!) भातावर पाण्याचा हबका मारून, मध्यें आळें करून, सैल झांकण घालून आम्हीं तो निम्म्या शक्तीवर दुप्पट वेळ ठेविला, व नंतर दोन मिनिटें तसाच राहूं दिला. आंतपर्यंत वाफाळला.

मातोश्रींनीं एक घांस घेतला. बोलल्या कांहींच नाहींत; मात्र तुपाचें भांडें पुढें ओढून घेतलें.