७४६

परवा ऑफिसात डबा खाताना विषय निघाला, एका मताने असा काय फरक पडतो. शेजारच्या टीममधला एकजण व्हर्जिनियात ऑनसाइट राहून आलाय. तो म्हणाला, तिकडे २०१७ साली राज्याच्या विधानसभेला एका मतदारसंघात दोघांनाही बरोब्बर ११,६०८ मतं पडली. मग ४ जानेवारी २०१८ ला एका वाडग्यातून चिठ्ठी काढली! डेव्हिड यॅन्सी निघाले, शेली सायमंड्स घरी गेल्या, आणि त्या एका चिठ्ठीवर सभागृहातलं बहुमत रिपब्लिकनांकडे राहिलं.

सगळे हसले. मी नाही हसलो. मी दौंडचा आहे ना.

दौंड म्हटलं की लोकांना फक्त जंक्शन आठवतं आणि रात्री-बेरात्री गाडी बदलताना प्यायलेला चहा. पण आमच्याकडे आमदारकी हा केवढा मोठा विषय आहे ते तालुक्यात राहिल्याशिवाय कळायचं नाही. सुभाष कुल १९९० ला अपक्ष म्हणून निवडून आले, १९९५ ला काँग्रेसकडून, १९९९ ला राष्ट्रवादीकडून. माणूस तोच, चिन्हं तीन. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं. मग पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी रंजना कुल आल्या, २००४ लाही त्याच. २००९ पासून मात्र एकच सामना चालू आहे, त्यांचा मुलगा राहुल कुल विरुद्ध रमेश थोरात. चार निवडणुका झाल्या, नावं तीच दोन.

आणि पक्ष? २००९ ला कुल राष्ट्रवादीचे, थोरात अपक्ष. थोरात जिंकले. २०१४ ला थोरात राष्ट्रवादीचे आणि कुल राष्ट्रीय समाज पक्षाचे. कुल जिंकले, त्या पक्षाचे अख्ख्या विधानसभेतले एकमेव आमदार! २०१९ ला कुल कमळावर. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबल तेच, व्हॅल्यू दर पाच वर्षांनी वेगळी :)

यावर पुण्यातले मित्र नाकं मुरडतात, "तुमच्याकडे विचारधारा वगैरे नसतेच." मला हे पटत नाही. दौंडमध्ये माणूस पक्षाला धरून नसतो, उसाला आणि कर्जाला धरून असतो. कुलांकडे पाटसचा भीमा साखर कारखाना, थोरात कित्येक वर्षं जिल्हा बँकेचे अध्यक्ष होते. शेतातला ऊस वेळेवर तुटणार का आणि सोसायटीचं पीककर्ज मिळणार का, हे प्रश्न ज्या दारात सुटतात ते दार लोक लक्षात ठेवतात. दारावरची पाटी बदलली तरी आतला माणूस ओळखीचा असतो. (हे चांगलं आहे असं मी म्हणत नाहीये. पण आपणही कंपनीपेक्षा मॅनेजर बघूनच टिकतो की नाही?)

तर २०१९. त्याच वर्षी लोकसभेला कांचन कुल बारामतीतून सुप्रिया सुळेंविरुद्ध उभ्या होत्या. दीड लाखाहून जास्त मतांनी हरल्या, पण दौंडमध्ये त्याच पुढे होत्या. त्यामुळे विधानसभा कुलांना सोपी जाणार असं मी गृहीत धरलं. २१ ऑक्टोबर, सोमवार. मतदानाची पगारी सुट्टी कायद्यानेच मिळते, पण आमचं रिलीज होतं आणि मी ऑन-कॉल. आण्णांचा दोनदा फोन आला. "येतोस ना रे? सकाळच्या शटलनं ये, दुपारी परत जा." मी म्हटलं, बघतो. बघतो म्हणजे काय ते त्यांना कळलंच असणार.

२४ तारखेला निकाल लागला. कुल १,०३,६६४. थोरात १,०२,९१८.

फरक ७४६.

दोन लाखांवर मतं आणि फरक एवढासा. आमच्या शटलच्या ग्रुपवर मी विचारलं, कोण कोण गेलं होतं? अकरा जणांपैकी चार. हडपसर, मगरपट्टा, खराडी या पट्ट्यात मतदार यादीत नाव दौंडला आणि पोट पुण्यात अशी आमच्यासारखी किती असतील? सातशे तर सहज असतील. आमची मतं कुणाला गेली असती हा मुद्दा नाही. माझं कुणाला गेलं असतं हे मलाही नक्की सांगता येत नाही. आण्णांचं कुणाला जातं ते मात्र आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे, आणि त्यांचा माणूस पडला होता.

संध्याकाळी फोन केला तर ते चिडले वगैरे नाहीत. एवढंच विचारलं, "तुमच्या रिलीजचं काय झालं?"

ते रोलबॅक झालं होतं. सांगितलं नाही.

२० नोव्हेंबर २०२४ ला मात्र आदल्या रात्रीच गावी गेलो. पुन्हा तेच दोघं, कुल कमळावरच, थोरात या वेळी तुतारीवर. रांगेत तासभर उभा राहिलो, बोटाला शाई लावून घेतली, फोटो ग्रुपवर टाकला. शनिवारी निकाल लागला, कुल १३ हजारांहून जास्त मतांनी आले.

आण्णा पेपर घडी करत म्हणाले, "या वेळी नसता आलास तरी चाललं असतं."