टाका घालायला जागा हवी

सायकल चालवणं म्हणजे पृथ्वीवर उपकार, असा आम्हा सायकलवाल्यांचा एक लाडका समज असतो. धूर नाही, पेट्रोल नाही, पार्किंगवरून भांडण नाही. माझ्या या पुण्याईला पहिला तडा गेला तो बुटांपाशी. जुनी जोडी बाद झाली, नवी घ्यायची होती. मग वाटलं, यावेळी जरा चौकशी करून घेऊ. हे बूट कुणी शिवले, कशाचे केले, आणि टाकल्यावर ते जाणार कुठे?

सायकलचे बूट ही तशी अलीकडची चैन. लूक ही फ्रेंच कंपनी स्कीइंगचं सामान बनवायची. बूट स्कीला खट्कन अडकवायची आपली युक्ती तिने पेडलला लावली. 1985 साली बर्नार इनोने ती पेडलं वापरून टूर द फ्रान्स जिंकली, 1990 मध्ये शिमानोची एसपीडी पेडलं आली, आणि पाय बांधायचे जुने पट्टे मागे पडले. ताठ तळ हवा म्हणून नायलॉन, आणखी पैसे मोजले तर कार्बन. कार्बनचे धागे रेझिनमध्ये एकदा मुरले की पुन्हा वेगळे करणं महाकठीण. वजन काही ग्रॅमनी घटतं आणि आपण खूश.

चौकशीत पहिला अडला तो चामड्याचा प्रश्न. “हे व्हीगन आहेत,” असं दुकानदार आता अभिमानाने सांगतो. व्हीगन म्हणजे बहुतेक वेळा पॉलियुरेथेन, म्हणजे शेवटी खनिज तेलच. आपल्या दमट हवेत त्याची दोस्ती फार टिकत नाही. दोन-चार पावसाळ्यांत वरचे पापुद्रे सुटतात, कधी माळ्यावर ठेवलेला बूट न वापरताच भुगा होतो. जनावर वाचलं हे खरं, पण कचरा वाढला हेही खरंच.

बरं, चामडं घ्यावं तर जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमने कमावलेलं. कानपूरच्या जाजमऊत गंगेचं आणि तमिळनाडूत पालार नदीच्या काठी काय झालं, ते सर्वांपुढे आहे. वेल्लोर भागातल्या चामड्याच्या कारखान्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली निकाल दिला आणि प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यायची, हे तत्त्व आपल्या कायद्यात पक्कं झालं. दुसरी वाट आपल्या घरचीच आहे. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्याला दिवसांमागून दिवस लागतात. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण कोल्हापुरीला क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा तळाचा तुकडा, ठोकता येत नाही!

इथे थोडं आडवळण घेते. कातडी सोलणं, कमावणं, शिवणं ही कामं गावाच्या कोणत्या टोकाला ढकलली गेली, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. ‘चामडं नको’ म्हणताना त्यात जनावरावरची दया किती आणि मुरलेला विटाळ किती, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं. मीही विचारते, आणि उत्तर दर वेळी सोयीचं येतंच असं नाही.

खोक्यावरचे हिरवे शिक्केही फार दूर नेत नाहीत. एमआयटीच्या संशोधकांनी 2013 साली धावण्याच्या एका साध्या जोडीचा हिशेब मांडला होता. 65 सुटे भाग, 360 हून जास्त प्रक्रिया, आणि जोडीमागे सुमारे 14 किलो कार्बन डायऑक्साइड. त्यातला दोन-तृतीयांशांहून जास्त वाटा कारखान्यात बूट बनवण्याचा. म्हणजे लेस जुन्या बाटल्यांपासून केली म्हणून मोठा फरक पडला, असं नाही. लेदर वर्किंग ग्रुपचं प्रमाणपत्र चामडं कमावणाऱ्या कारखान्याला मिळतं. बूट शिवणाऱ्या बाईच्या हातात किती रोज पडतो, ते त्यावरून कळत नाही.

मला जे काही नीट कळलं, ते आमच्या कोपऱ्यावरच्या चर्मकार काकांकडून. जुने बूट त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी डाव्या बुटाचा तळ दोन्ही अंगठ्यांनी वाकवून पाहिला, तो वाकला नाही. मग आरीचं टोक कडेने फिरवत शिवण शोधली. तीही नव्हती.

“ताई, टाका कुठं घालू? सगळं चिकटवलंय. सोल्युशन लावून देतो, पण महिनाभर टिकलं तर टिकलं.”

पंधरा दिवसही टिकलं नाही. दोष त्यांचा नव्हता. बूट उघडायचा नाहीच, अशा बेताने तो बनवला होता. वरचा भाग धडधाकट, क्लीट नवी, आणि फक्त तळाचा पुढचा भाग सुटला म्हणून सगळी जोडी कचऱ्यात.

तेव्हापासून माझी कसोटी एकच: दुरुस्त होतो का? सिदीसारख्या इटालियन कंपनीच्या काही मॉडेलांत टाचेचा तुकडा, बकल, पट्टे सुटे मिळतात. किंमत मात्र माझ्यासारखीला परवडणारी नाही. म्हणून मी लेसचे घेतले. बूट आवळायची डायल बिघडली तर कंपनीचाच सुटा भाग शोधावा लागतो, लेस कुठल्याही किराणा दुकानात मिळते. नायलॉनचा तळ, दोन स्क्रूंची क्लीट, आणि कडेने खरीखुरी शिवण. ते शिवले कुणी, हे अजूनही मला माहीत नाही. खोक्यावर फक्त देशाचं नाव आहे.

आणि रोज ऑफिसला सायकलवरून जाणाऱ्यांना यातलं काहीच लागत नाही. सपाट पेडल आणि घरात आहेत ते बूट पुरतात. पण घ्यायचेच असतील, तर वजन आणि रंग विचारायच्या आधी विचारा, “याची टाच सुटी मिळते का?” मी विचारलं तेव्हा काउंटरवरच्या मुलाने हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकला होता. आणखी दहा जणांनी विचारला, तर तो मालकाच्या कानावर घालेल.