वीज गेल्यावर लिफ्ट बोलत नाही

पुण्या-मुंबईच्या जुन्या इमारतींतल्या लिफ्टमध्ये एक बाई राहते. तिला एकच वाक्य येतं. कुणी जाळीचं दार उघडं टाकून गेलं की ती सुरू होते, "कृपया दरवाजा बंद करें", आणि दार लागेपर्यंत थांबत नाही. चिडत नाही, आवाज चढवत नाही, दमत नाही. वरच्या मजल्यावर ताटकळलेला माणूस दोन-चारदा बटण दाबून बघतो, मग कठड्यावरून वाकून जिन्यात ओरडतो, "अहो, दार लावा!" माझी नऊ मिनिटांची फिल्म एवढ्याच गोष्टीवर उभी आहे.

आमच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक शॉर्टफिल्म करायची असते. मी भयपट करणार म्हटल्यावर मित्रमंडळींनी आधी लोकेशन सुचवली, गोष्ट नंतर विचारली. कोकणातलं कौलारू घर, मागे विहीर, परसात फणस, हातात कंदील. 'तुंबाड' येऊन गेल्यापासून त्यात मुसळधार पाऊसही धरायचा. पण पावसाला टँकर लागतो आणि टँकरला पैसे. माझ्याकडे होता तो कोथरूडमधल्या एका जुन्या इमारतीतला, चौथ्या मजल्यावरचा काकाचा फ्लॅट. भाडेकरू गेला होता आणि नवा यायचा होता. मोझेकची फरशी, खिडक्यांना लोखंडी ग्रिल, भिंतीवर मागे राहिलेलं कॅलेंडर. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा सुट्टीत पांघरुणात वाचलेल्यांना अशा घराचं भय वेगळं सांगायला नको. त्यांच्याकडे भय बहुतेकदा आपल्यासारख्याच चारचौघांच्या घरात, चहाच्या वेळी येतं.

तयारी म्हणून भयपट बघायला बसले तेव्हा भुतं कशी दिसतात याच्या नोंदी करायचा विचार होता. वही भरली दुसऱ्याच गोष्टीने. डेव्हिड सँडबर्ग या स्वीडिश दिग्दर्शकाची 2013 मधली 'लाइट्स आउट' तीन मिनिटांहूनही लहान आहे. एक बाई, एक घर, दिव्याचं एक बटण. बाई म्हणजे त्याची बायको लोट्टा लोस्टेन, आणि घर त्यांचंच. दिवा बंद केला की पॅसेजच्या टोकाला आकृती उभी असते, लावला की नसते. एवढं कळलं की प्रेक्षक त्या आकृतीपेक्षा बाईच्या बोटाकडे बघायला लागतो. त्यावरून 2016 मध्ये मोठा सिनेमा झाला, नियम तोच राहिला. हिदेओ नाकाताच्या 'रिंगु'त (1998) टेप पाहिली की सात दिवस. 'तुंबाड'मधला हस्तर सोन्याचा धनी पण अन्नाला भुकेला; पिठाचं वर्तुळ आखायचं, कणकेची बाहुली पुढे करायची आणि तो तिच्यात गुंतला असेल तेवढ्यात त्याच्या लंगोटीतल्या मोहरा लांबवायच्या. पुढे हाव सुटून एकाऐवजी ढीगभर बाहुल्या नेल्यावर जे होतं, ते आपल्याला क्षणभर आधी कळतं, कारण हिशेब आपल्यालाही येत असतो.

भीती अज्ञाताची असते, असं आम्हाला पहिल्याच तासाला शिकवलं होतं. मला ते आता अर्धंच पटतं. नुसत्या अज्ञाताने माणूस फार तर गोंधळतो. घाबरायला त्याला काहीतरी पक्कं ठाऊक असावं लागतं. आपल्याकडच्या आज्या हे काम फार चोख करायच्या. तिन्हीसांजेला केर काढू नये, रात्री शीळ घालू नये, अपरात्री कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. का, ते विचारायचं नाही. एकदा नियम डोक्यात बसला की पुढचं सगळं अंधारावर सोपवून त्या खुशाल घोरायच्या.

मग मी माझ्या इमारतीचा नियम शोधायला लागले, आणि तो जिन्यात ओरडतच होता. वीज गेली की लिफ्ट बंद, लिफ्ट बंद की बाई गप्प. हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. फिल्ममध्ये आजी आणि नात घरात दोघीच आहेत. सुरुवातीला लिफ्ट बोलते, आजी वैतागून जिन्यात येते, पहिल्या मजल्यावरच्या काकांच्या नावाने ओरडते, खालून दार आदळल्याचा आवाज येतो. पुढे पुन्हा लिफ्ट बोलते आणि त्या वाक्याच्या मध्येच वीज जाते. "कृपया दरवाजा बं". तिथेच तुटतं. आजी म्हणते, "बरं झालं, हीपण गेली." इन्व्हर्टर असताना अंधार कसा, असं कुणी विचारू नये म्हणून बॅटरीत पाणी घालायचं राहिलं, हे आधीच एका वाक्यात सांगून टाकलं आहे. मेणबत्ती, पत्त्यांचा डाव, आजीचा डोळा लागतो. आणि त्या अंधारात, खालून कुठून तरी, बाई आपलं वाक्य म्हणते. पूर्ण.

दुसऱ्या वेळी, म्हणजे वाक्य मध्येच तुटतं तिथे, लोक हसतात. हे हसू मला हवंच होतं, किंबहुना त्याच्यासाठी मी आजीचा संवाद दोनदा बदलला. हसलेला माणूस सैल होतो आणि नियमावर सही करून मोकळा होतो. तिसऱ्या वेळी मागच्या रांगेतला एखादा सवयीने हसायला तोंड उघडतो आणि त्याला मध्येच कळतं. ते मध्येच कळणं ऐकायला मी प्रत्येक खेळाला भिंतीशी उभी राहते. एडिटिंगमध्ये आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला तो इथेच. वीज जाणं आणि तो तिसरा आवाज, यांच्यामध्ये पत्त्यांचा डाव किती चालू द्यायचा? कमी ठेवला तर नियम मुरत नाही, जास्त ठेवला तर प्रेक्षक मोबाइल काढतो. शेवटी तो डाव आम्हाला स्वतःलाच गुंतवायला लागला, कोण जिंकतंय हे बघावंसं वाटायला लागलं, तेव्हा कात्री खाली ठेवली. नात लबाडी करून जिंकते. हे पटकथेत नव्हतं, शूटिंगच्या वेळी झालं.

आजीचं काम करणाऱ्या काकूंनी तरुणपणी राज्य नाट्य स्पर्धा गाजवली होती. त्यांना मी शेवटच्या प्रसंगासाठी सांगितलं, "काकू, इथे तुम्ही दचकून जाग्या होता आणि घाबरता." त्यांनी संहिता मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "मी कशाला घाबरू गं? मी झोपेत आहे. वीज गेलेली माझ्या लक्षातपण नाही. मला त्या लिफ्टचा नुसता राग येणार." मी म्हटलं, मग भीती कोण दाखवणार? "ज्यांनी तिकीट काढलंय ते." तिकीट कुणीच काढणार नव्हतं, पण मुद्दा बिनतोड होता. फिल्ममध्ये आता त्या डोळे न उघडता, सवयीच्या त्राग्याने म्हणतात, "अहो, दार लावा!" आणि कूस बदलतात. समोर बसलेल्या नातीला मात्र कळलेलं आहे. पडद्यावर एकालाच कळलेलं असणं हे दोघांनी मिळून किंचाळण्यापेक्षा कितीतरी भारी पडतं. नात एकटी पडते आणि तिच्याबरोबर आपणही.

नात झालेली मुलगी माझी मावसबहीण, चौथीतली. लहान मुलांना सेटवर खरंच घाबरवून चेहरा मिळवायचे किस्से आम्ही ऐकलेले आहेत आणि मला ते हरामखोरीचे वाटतात. तिला मी सांगितलं की आता मनातल्या मनात सतराचा पाढा म्हण, ओठ हलवायचे नाहीत, चुकलीस तर पहिल्यापासून. सतरा साते या ठिकाणी तिची नजर हवेत थांबायची, मान जराशी कलायची. ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा आणि आकडेमोड करणाऱ्याचा चेहरा यात कॅमेऱ्याला फरक दिसत नाही. पुढेमागे काय जोडलंय यावरून प्रेक्षक त्या चेहऱ्यात भय वाचतो. कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने रशियात शंभर वर्षांपूर्वी हेच करून दाखवलं होतं, सतराच्या पाढ्याविना.

छायाचित्रणावर फार लिहिण्यासारखं नाही, कारण आम्ही जमेल ते केलं. भर दुपारी खिडक्यांना काळा कपडा ठोकून रात्र केली. मेणबत्तीच्या मागे छोटा एलईडी, त्यावर केशरी जिलेटीन, आणि एकाने त्याच्यापुढे बोटं हलवत बसायचं. ट्यूबलाइटच्या प्रसंगात चित्रात पट्टे येऊ नयेत म्हणून शटर एक पन्नासांश सेकंदावर, कारण आपली वीज 50 हर्ट्झची. एवढंच सांगते की मिट्ट काळोख पडद्यावर मुळीच भीतिदायक नसतो. त्यात दाराच्या चौकटीची एक पुसट कड तरी लागते, म्हणजे डोळा तिच्यावर पहारा करत बसतो.

आवाजाचं मात्र वेगळं. लिफ्टमधली मूळ बाई आम्ही घेतलीच नाही. वर्गातल्या एका मुलीकडून वाक्य बोलून घेतलं, तितकंच निर्विकार. स्टुडिओतली ती ध्वनिफीत पहिल्यांदा चित्रावर टाकली तेव्हा ती खोलीतच उभं राहून बोलतेय असं वाटलं. सॉफ्टवेअरमधून घुमारा चढवला, तरी ती एखाद्या देवळातून बोलल्यासारखी झाली. मग आमच्या ध्वनीवाल्याने स्पीकर खरोखरच तळमजल्यावर लिफ्टच्या दारात ठेवला, वाक्य वाजवलं आणि चौथ्या मजल्यावर घराचं दार लावून आतून ते परत रेकॉर्ड केलं. ध्वनिसंयोजक वॉल्टर मर्चने 'अमेरिकन ग्राफिटी' या सिनेमासाठी (1973) रेडिओचा कार्यक्रम असाच उघड्यावर वाजवून लांबून टिपला होता. या रीतीला वर्ल्डायझिंग म्हणतात. चार जिन्यांची वळणं, चपलांचे स्टँड, कुणाच्या तरी दाराची पितळी कडी, सगळं त्या आवाजाला चिकटून वर आलं. स्पीकर मग एकेक मजला वर चढवत नेला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून, "लिफ्ट दुरुस्त झाली का?" असं विचारलेलंही त्यात आहे, कापून टाकावं लागलं याची हळहळ वाटते.

त्याआधी सगळ्यांनी श्वास रोखून रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड केली. तिला रूम टोन म्हणतात आणि प्रत्येक खोलीची ती निराळी असते. ती घेताना फ्रिज बंद करायचा. परत चालू करायचा विसर पडू नये म्हणून स्कूटरची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची, ही या धंद्यातली जुनी युक्ती. किल्ली घेतल्याशिवाय घरी जाताच येत नाही. आमच्या फिल्मच्या उत्तरार्धात त्या फ्रिजचं गुणगुणणं नाही, पंखा नाही, काहीच नाही. वीज गेल्यावर घर किती आवाज करत होतं ते कळतं.

भयपट म्हटला की कुणीतरी 19 हर्ट्झचा विषय काढतोच. ब्रिटनमध्ये विक टँडी नावाच्या इंजिनिअरला प्रयोगशाळेत कुणीतरी असल्याचा भास व्हायचा. त्याचं मूळ त्याला नव्या पंख्याच्या कंपनात सापडलं, साधारण 19 हर्ट्झ, म्हणजे कानाच्या मर्यादेच्या किंचित खाली. 1998 मध्ये त्याने त्यावर लेख लिहिला. तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या फिल्मखाली तो न ऐकू येणारा सूर पेरायचा असतो. पण आमच्या फिल्म बघितल्या जातात मोबाइलवर, आणि त्याच्या एवढ्याशा स्पीकरमधून तबल्याचा डग्गासुद्धा धड येत नाही. लिफ्टवाली बाई बोलते ती माणसाच्या आवाजाच्या पट्टीत. ती बसमध्ये, कानात स्वस्तातले इअरफोन घालूनही पोहोचते.

दचकवण्यावरून कॅमेरा करणाऱ्या मित्राशी माझं वाजलं. त्याला शेवटी लिफ्टच्या जाळीमागे पांढरा चेहरा हवा होता. मी त्याला 'कॅट पीपल' दाखवला, 1942 चा. निर्माता व्हॅल ल्यूटनला स्टुडिओने दीड लाख डॉलरची मर्यादा घातली होती, त्याने जिना दुसऱ्या सिनेमाचा वापरला आणि श्वापद जवळजवळ दाखवलंच नाही. त्यातली एक मुलगी रात्री रस्त्याने चाललेली असते, मागे पावलं वाजतात, थांबतात, आणि फिस्स् करून काहीतरी अंगावर येतं. ती बस असते, तिचे ब्रेक. मित्र म्हणाला, "बघ, म्हणजे दचकवलंच ना!" खरं होतं. वाद असा अर्ध्यावर आल्यावर आम्ही दोघांनी मिळून त्या चेहऱ्याच्या मेकअपचा खर्च काढला आणि वाद मिटला. आता नात उठते, मेणबत्ती घेऊन दाराशी जाते, आयहोलला डोळा लावते. पलीकडचं आम्ही दाखवत नाही. आयहोल तिच्यापेक्षा उंचावर असल्यामुळे ती टाचा उंचावते, आणि फिल्म त्या टाचांवर संपते.

लोक विचारतात, मग लिफ्टमध्ये कोण होतं? मित्राकडे याचं तयार उत्तर आहे, त्याला मुलाखतीत ते द्यायला आवडतं. माझ्या मावसबहिणीच्या मते कुणीच नव्हतं, लिफ्टच आली होती. काकूंना विचारलं तर त्या पहिल्या मजल्यावरच्या काकांचं नाव घेतात. मला विचाराल तर मी फक्त ती कशी आली ते सांगू शकते. एका मजल्यावरच्या आवाजापासून वरच्या मजल्यावरच्या आवाजापर्यंत किती वेळ जाऊ द्यायचा, हे ठरत नव्हतं. लिफ्टच्या वेगाने ती फारच लवकर पोहोचत होती. तेव्हा मी घड्याळ लावून जिना चढले, गुडघे दुखणारी बाई चढेल तसा, प्रत्येक वळणावर कठड्याला धरून, थांबून.